सावरीच्या ओहोळातलं सोनं

सोनचाफा उजाडायच्या आत काढावा लागतो. ऊन चढलं की पाकळ्या सैल पडतात, आणि दादरचा फुलवाला पुडी उघडून असं तोंड करतो की जणू आपण त्याला शिळी मासळी विकली. म्हणून निर्मळच्या आमच्या वाडीत आम्ही दोघं पहाटे बॅटरी घेऊन हिंडतो. रुडॉल्फ आकडीने फांदी खाली ओढतो, मी खुडते. मग मी ओटीवर बसून केळीच्या पानात पुड्या बांधते आणि तो बावखलावरचा पंप चालू करून केळींना पाणी सोडतो. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. ते आहे म्हणून वाडी आहे. हे सगळं सोमवार ते शनिवार. रविवारी फांदीही मीच ओढायची आणि फुलंही मीच खुडायची, कारण रविवारी माझा नवरा सोनं शोधायला जातो.

हसायचं असेल तर हसून घ्या. आमचा सगळा गाव हसून झालाय.

रुडॉल्फ जन्मभर बोटीवर होता, इंजिनात. ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याशा बंदरात त्यांची बोट दुरुस्तीला अडकली, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला नदीवर नेलं आणि थाळ्यात वाळू धुऊन सोन्याचा एक कण दाखवला. बस, तेवढंच. बाकीच्या बायकांचे नवरे परतताना सेंटच्या बाटल्या आणायचे, माझा नवरा हिरवा प्लास्टिकचा थाळा घेऊन आला, आतल्या बाजूने खाचा असलेला. मी म्हटलं, यात काय भाकरी थापू? तो म्हणाला, उर्सुला, तू बघ तर.

मी काय बघणार? बोटीवरची नोकरी सुटली, आता तरी माणूस घरी राहील म्हणून मी वाट बघत होते. मुलगा ॲलिस्टर कॅनडात, मुलगी जोआना दुबईत, दोघांचे चेहरे मोबाईलमध्ये. घरात आम्ही दोघं आणि एक मांजर. आणि हा बाबा रविवारची चर्चमधली पहिली मिस्सा संपली की शर्टाच्या बाह्या दुमडून स्कूटर काढणार, हायवे ओलांडून चांदीपला जाणार आणि डोंगराच्या पायथ्याशी जंगलातल्या सावरीच्या ओहोळात अंधार पडेस्तोवर बसणार. पावसाळा संपला की ओहोळ आटेपर्यंत हेच. संध्याकाळी यायचा तेव्हा हाताची बोटं पाण्याने फुगून पांढरी पडलेली, टाचांना भेगा, कंबर वाकडी. गरम पाण्याची पिशवी मीच द्यायची. मग खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची छोटी काचेची बाटली काढायचा आणि दिव्यासमोर धरायचा. बाटलीत पाणी आणि तळाशी चार-दोन पिवळे कण. एखाद्या रविवारी एक कण वाढलेला असे, एखाद्या रविवारी नसे. कण वाढला की जेवताना दुसऱ्यांदा भात घ्यायचा. आमच्या शेजारची पॉलिन कुंपणावरून विचारायची, "काय गं सोनूबाय, वाळा कधी करणार?" नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ते तिला म्हणायचं असायचं. मी कळूनही न कळल्यासारखं करायची.

तिकडे त्याला सोबती मिळाले होते दोन. एक परेश, विरारच्या टॉवरमध्ये राहणारा, कॉम्प्युटरवर काम करून मान आखडलेला. डॉक्टरने त्याला झाडात फिरायला सांगितलं होतं, तो फिरता फिरता यांच्यात येऊन बसला. दुसरा दिनानाथ, आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा रिटायर सरकारी कारकून. बायको गेलेली, मुलगा बंगळुरूला. हा दिनानाथ कधीमधी आमच्याकडे यायचा. येताना नाक्यावरून बटाटेवडे आणायचा, माझ्या हातची वाटाण्याची उसळ पाव बुडवून खायचा, आणि जाताना ताट स्वतः धुऊन ठेवायचा. मी त्याला म्हणायची, ठेवा हो, मी आहे ना. तो म्हणायचा, सवय झालीय वहिनी.

दिवाळी उलटली आणि जंगलखात्याने ओहोळाच्या वाटेवर लोखंडी फाटक बसवलं. त्याचं कारणही खोटं नव्हतं. पावसाळ्यात शहरातली टोळकी तिथे दारू प्यायला येत होती, बाटल्या फोडत होती, रील काढायला कड्यावर चढत होती. एक पोरगा पडून हात-पाय मोडून घेऊन गेला. मग फाटक लागलं, पाटी लागली, प्रवेश बंद. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं. त्या रविवारी रुडॉल्फ दहाच्या आत परत आला. स्कूटर लावली आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून ओटीवर बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"बंद केलं."

मनातल्या मनात मी क्रूस केला आणि देवाचे आभार मानले. खोटं कशाला बोलू.

पण माणूस घरी बसला म्हणजे घरी आला असं होत नाही. पुढचे रविवार तो आकडी धरायला आला खरा, पण फांदी अशी ओढायचा की कळ्याच गळून पडायच्या. पंप चांगला चालत होता तो खोलला, मग जोडता येईना. केळीचं लोंगर तयार व्हायच्या आधीच कापलं. मी बोलले की गप्प, नाही बोलले तरी गप्प. एका दुपारी बघते तर हा बावखलाच्या काठावर उकिडवा बसून आमचाच गाळ थाळ्यात धूत होता. पॉलिनने कुंपणाशी येऊन विचारलं, "बावखलात पण निघतं काय रे रुडी?" त्याने मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले. मला पॉलिनचा राग आला, त्याहून जास्त त्याचा आला, आणि त्या दोघांहून जास्त त्या फाटकाचा आला. ते मला स्वतःलाच नवल वाटलं.

मग एका शनिवारी परेश आणि दिनानाथ अर्ज लिहायला आले. ओटीवर बसले. मी चहा आणि केळ्याची भजी केली. परेश लॅपटॉप मांडीवर घेऊन वाचून दाखवत होता, नागरिकांचा हक्क, पर्यावरणाला धोका नाही, आम्ही कुदळ वापरत नाही, फावडं वापरत नाही, दगड हलवला तर परत जागेवर ठेवतो. ते सगळं खरं होतं.

"आणि सोन्याचं लिही," रुडॉल्फ म्हणाला. "इतक्या वर्षांचं काम आहे. पुरावा आहे आपल्याकडे."

दिनानाथ भजी तोडत होता. तो थांबला. "सोन्याचं कशाला लिहायचं? वाळूत हात घालून बसतो, एवढं लिहिलं तरी पुरे."

"का? चोरी केली आहे काय आपण?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

दिनानाथने भजी तशीच बशीत ठेवली आणि म्हणाला, मला आज जळजळतंय. मी त्याला सोडा घालून लिंबू दिलं.

अर्ज घेऊन रुडॉल्फ आणि परेश रेंजर मॅडमकडे जाऊन आले. क्षितिजा मॅडम म्हणून तरुण बाई होती, नाशिककडची, बोलायला चांगली. पण रुडॉल्फ घरी आला तो फणफणत. म्हणाला, "मला सांगते, काका, तुम्ही नुसते वाळूशी खेळता असं म्हणालात तर मी तुमच्यासाठी रविवारी फाटक उघडं ठेवीन. फिरायला येणारे म्हणून नावं लिहून घेईन. पण सोनं निघतं म्हणालात तर ते खनिज झालं. जंगलातून खनिज काढणं गुन्हा आहे, मग मला वर कळवावं लागेल आणि ओहोळ कायमचा बंद होईल. खेळता म्हणे. मी काय शेंबडं पोर आहे?"

"मग खेळतो म्हण ना," मी म्हटलं. "जिभेला हाड आहे काय? म्हणायचं नि मोकळं व्हायचं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला चर्चमध्ये शिवी द्यायला सांगितलं. "उर्सुला, आयुष्यभर मी बोटीच्या पोटात होतो. तेल, धूर, आवाज. दुसऱ्याच्या मालकीची मशीन. हे एकच काम मी माझ्या हातांनी, माझ्या डोळ्यांनी केलंय. आणि ते नव्हतंच, असं सांगू?"

मी उठून कोंबडीला दाणे टाकले.

परेशने डोकं चालवलं. म्हणाला, सोनाराकडून दाखला आणू, पेपरवाल्यांना देऊ, एकदा नाव झालं की खात्याला विचार करावा लागेल. आंटी, तुम्ही सोपाऱ्याला जाताच ना, बाटली घेऊन जा. सोमवारी मी केळी घेऊन जाणारच होते. रुडॉल्फने बाटली रुमालात गुंडाळली, रुमाल डब्यात घातला, डबा माझ्या पिशवीत ठेवला आणि मी निघेपर्यंत दोनदा पिशवीत हात घालून बघितलं.

सोपाऱ्याच्या बाजारात संग्राम पोतदार आमचा सोनार. माझ्या लग्नाची कर्णफुलं त्याच्या बापाने घडवलेली. संग्रामने बाटली पांढऱ्या बशीत ओतली, पाणी निथळवलं, भिंग लावलं. मग चिमट्याने एक कण उचलून कसोटीच्या काळ्या दगडावर घासला, त्यावर काचेच्या कांडीने थेंब टाकला.

"काकी, हे कुठून आणलंत?"

"डोंगरातून. काका शोधतात ते."

"डोंगरातून नाही," तो म्हणाला. "हे दागिन्याचं सोनं आहे, बावीस कॅरेट. तांब्याची भेसळ दिसते बघा. आणि हा कीस आहे. कानशीने घासलेला. कडा झिजवल्यात कोणीतरी, पण ही बघा कानशीची रेघ, दोन-तीन कणांवर राहून गेलीय." त्याने भिंग माझ्याकडे केलं. मी बघितलं. मला आधी काही दिसेना, मग दिसलं. बारीक बारीक समांतर रेघा.

"सगळेच?"

"सगळेच."

संग्रामने कण परत बाटलीत भरून दिले, दाखला लिहू का विचारलं. मी नको म्हटलं. दुकानातून उतरले आणि रस्त्यात उभी राहिले. रिक्षावाले हॉर्न मारत होते. माझ्या नवऱ्याला कोणीतरी इतकी वर्षं फसवत होतं. परेश? त्याला सोनं घासायला वेळ कुठला, आणि तो तर मागून आला. मग बशीत ठेवलेली ती अर्धी भजी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी रिक्षा केली आणि आचोळे सांगितलं.

दिनानाथने दार उघडलं तेव्हा बनियन आणि लेंग्यात होता. मला बघून आत पळाला, शर्ट घालून आला. टीव्ही चालू होता, आवाज बंद. सोफ्यावर एकाच माणसाची बसायची जागा खचलेली. "वहिनी, तुम्ही? रुडॉल्फ बरा आहे ना?"

मी बाटली टीपॉयवर ठेवली. "सोनाराकडून आले."

तो खुर्चीवर बसला. मग उठून त्याने आतल्या कपाटातून एक डबी आणली आणि उघडून माझ्यापुढे ठेवली. आत पाटल्यांची जोडी. एक धड, दुसरी एका बाजूने अशी झिजलेली की कातरलेल्या नखासारखी पातळ.

"हिची आहे," तो म्हणाला. बायकोचं नाव तो घेत नसे, ती असतानाही घेत नसावा.

"का केलंत असं?"

"आम्ही भेटलो त्या वर्षी रुडॉल्फ म्हणाला होता, आता बास. दोन हिवाळे धुतोय, काही नाही, पुढच्या रविवारपासून यायचं नाही. ही जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. मी डोंगराकडे असाच जात होतो, पाय नेतील तिकडे. तिथे हा भेटला. थाळा कसा फिरवायचा ते शिकवलं त्याने मला. दिवसभर काही बोललो नाही तरी चालायचं, शेजारी माणूस असायचं." तो शर्टाचं बटण चाचपत होता. "आता येत नाही म्हणाला तेव्हा मला रात्रभर झोप नाही. वहिनी, या घरात आठवडाभर माझ्याशी बोलतं कोण? दूधवाला. तोही हल्ली पिशवी दाराला अडकवून जातो. सकाळी उठलो, कानस घेतली. चिमूटभर कीस, वाळूत चोळून घेतला की कडा मोडतात. पहिल्या बसने गेलो आणि तो बसतो त्याच्या वरच्या अंगाला टाकला. दुपारी त्याला कण सापडला. त्या दिवशी तो असा हसला, वहिनी, की मग मला थांबता आलं नाही. दर रविवारी नाही टाकायचो. त्याचा उत्साह उतरला असं वाटलं की टाकायचो."

"आणि माझं काय?" मी म्हटलं. माझा आवाज चढला. "तुमचा रविवार भरायला माझा रिकामा केलात. बोटीवर होता तेव्हा वाट बघितली, बोटीवरून उतरला तरी वाट बघतेय. मला एकटीला सोडून तो तिकडे वाळू उपसत होता, आणि ती वाळूसुद्धा खोटी. देवाला तरी भ्यायचं होतंत."

तो खाली मान घालून ऐकत राहिला. बोलून झाल्यावर मला वाटलं की आता उठावं, पण उठवेना. त्या घरात आवाजच नव्हता कुठला. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी कुकर लावला होता, त्याची शिट्टी तेवढी ऐकू आली. माझ्या वाडीत निदान कोंबड्या तरी आहेत, पॉलिन तरी आहे कुंपणाशी. मला त्याचा राग आला होता तो गेला नव्हता, पण त्याला ठेवायला जागा राहिली नाही.

"मी सांगतो रुडॉल्फला," तो म्हणाला.

"काही सांगू नका. मरेल तो. सोनाराकडे गर्दी होती म्हणून दाखला नाही मिळाला, असं मी सांगते. फाटक बंद आहे तर बंद राहू दे."

त्याने मान हलवली. मी निघाले. जिन्यात मला कळलं की मी असं का सांगितलं. नवरा घरी राहायला हवा होता मला, आणि तोही धड हवा होता. दोन्ही एकदम कुठे मिळतं?

चांदीपच्या समाजमंदिरात मॅडमने सगळ्यांना बोलावलं. गावातली आठ-दहा माणसं होती, परेश होता, आम्ही दोघं होतो. दिनानाथ शेवटच्या खुर्चीवर. रुडॉल्फने नाताळचा कोट घातला होता. त्या उकाड्यात मी नको म्हटलं तर ऐकलं नाही.

जिच्या अंगणात हे स्कूटर लावायचे ती मीरा आधी बोलली. "मॅडम, ही म्हातारी मानसं कोनाला तरास देत नाय. पानी बी गढूळ करत नाय. उलट दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या गोनीत भरून आनतात. ती दारूवाली पोरं आनि ही मानसं एकाच फाटकात कशी बसवता?" लोक हसले. मॅडमही हसली. म्हणाली, "मलाही तसंच वाटतं. काका, तुम्ही फक्त एवढं सांगा, तुम्ही तिथे काय करता?"

मी रुडॉल्फच्या कोटाची बाही धरली. त्याने ती सोडवून घेतली, पुढे गेला आणि टेबलावर बाटली ठेवली.

"सोनं शोधतो," तो म्हणाला. "आणि सापडतं."

मॅडमने बाटली उचलली नाही. "काका, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"खोटं बोलणार नाही मी. माझं नाव लिहून घ्या. सोनं इथे आहे. कोणी मानत नाही, पण आहे."

"हे लिहून दिलंत तर मला तुमच्यावर केस करावी लागेल. आणि ओहोळ बंद."

"करा."

परेशने मोबाईलमध्ये तोंड घातलं. मॅडमने कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. तिला ते करायचं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मी उभी राहिले. काय बोलणार होते कोण जाणे. पण मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मॅडम, लिहू नका," दिनानाथ म्हणाला. "ते ओहोळातलं सोनं नाही. ते मी टाकलं. माझ्या बायकोच्या पाटलीचं आहे." त्याने खिशातून डबी काढली, टेबलापर्यंत आला आणि उघडून ठेवली. "कानशीने घासून टाकत होतो. ह्याला माहीत नाही. ह्याने इथून काही नेलेलं नाही, माझंच नेलंय."

कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

रुडॉल्फने झिजलेली पाटली हातात घेतली, खिडकीकडे जाऊन उजेडात धरली. कानशीच्या रेघा बघितल्या. बोटाने चाचपल्या. इंजिनातला माणूस, त्याला कानस कळते. मग परत आला, पाटली डबीत ठेवली आणि काचेची बाटलीही तिच्या शेजारी ठेवली. डबी दिनानाथकडे सरकवली. त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"मग इथे सोनं निघत नाही," मॅडम हळूच म्हणाली.

"नाही," दिनानाथ म्हणाला. "वाळू धुतो, एवढंच."

"काका?"

रुडॉल्फने घसा साफ केला. "एवढंच," तो म्हणाला, आणि कोट काढून हातावर टाकून बाहेर गेला.

फाटक उघडलं. रविवारी उजेडापासून अंधारापर्यंत, नावं लिहून जायचं. ज्यांनी ते मागितलं होतं त्यांच्यापैकी कोणी गेलं नाही. परेशने एकदा मेसेज टाकला, सॉरी अंकल, आणि त्यांच्या तिघांच्या ग्रुपमधून निघून गेला. दिनानाथचा काही पत्ता नव्हता. रुडॉल्फ त्याचं नाव काढत नव्हता, आणि मी काढलं तर उठून जायचा. मी आचोळ्याला गेले होते हेही मी त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे तुलाही माहीत होतं." बस, एवढंच म्हणाला. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग रविवारी तो माझ्याबरोबर फुलं काढायचा. फांदी हळू ओढायचा, कळी गळू द्यायचा नाही. मिस्सा, मटण, दुपारची झोप, संध्याकाळी माळेची प्रार्थना, सगळं माझ्याबरोबर. जन्मभर हेच मागत होते मी. मिळालं, आणि घशाखाली उतरेना. शेजारी बसलेला असायचा आणि मला वाटायचं की तो अजून बोटीवरच आहे. कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, गेले तेव्हा फादरना म्हटलं, मला नवऱ्याच्या सुखाचा हेवा वाटत होता, आता ते सुख गेलं तर त्याचंही दुःख होतंय, यात पाप कुठलं ते तुम्हीच शोधा. फादर म्हणाले, त्याच्याबरोबर बसा. मी म्हटलं, बसतेच आहे, फादर.

नाताळ झाला. ॲलिस्टरचा फोन आला, जोआनाचा आला, केक पाठवला शेजारी, पॉलिनने अनरसे दिले. त्याच रात्री जेवताना रुडॉल्फने दिनानाथला फोन लावला. मी कान दिला. रिंग वाजून वाजून बंद झाली. त्याने परत लावला. परत तेच. मग त्याने भातात आमटी ओतली आणि न कालवता तसाच बसून राहिला.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर त्याने थाळा स्कूटरला बांधला. मी काही विचारलं नाही, मागे जाऊन बसले. "तू कुठे?" तो म्हणाला. मी म्हटलं, "चल."

इतक्या वर्षांत मी तो ओहोळ बघितला नव्हता. काही खास नाही. गुडघाभर पाणी, काळे दगड, वर सावरीचं झाड पानं झडून उभं. खंड्या पक्षी एका फांदीवरून दुसरीवर जात होता. फाटकावरच्या वहीत फक्त आमचीच नावं. रुडॉल्फने पँट दुमडली, पाण्यात उतरला, दगडाच्या आडोशाची वाळू थाळ्यात घेतली आणि गोल गोल फिरवू लागला. हलकी वाळू वाहून जाते, जड काळी खाली राहते, मग तीही थेंब थेंब सोडायची. मी काठावर उभी राहून बघत होते. हा माणूस जेवताना पाण्याचा पेला सांडतो, आणि इथे त्याच्या हातून वाळूचा दाणा सांडत नव्हता.

बराच वेळ काही नाही. मग तो थांबला, दात कोरायची काडी जिभेवर ओली केली आणि तिने काहीतरी टिपलं. एक कण. खिशातून त्याने नवी बाटली काढली.

"आता कशाला?" मी म्हटलं. "तुला ठाऊक आहे ते काय आहे."

"ठाऊक आहे. निम्मी पाटली इथे आहे," तो म्हणाला. "मला सापडलं ते किती? बाकीचं सगळं या वाळूत पडलंय. त्याच्या बायकोचं आहे ते, उर्सुला. असं टाकून कसं चालेल?"

"तो फोन उचलत नाही."

"नको उचलू दे."

"आणि सगळं धुऊन निघायला जन्म जाईल."

"जाऊ दे."

मला रडू आलं. माझ्यासाठी बंदरात कधी एक दिवस जास्त थांबला नाही हा, आणि दुसऱ्याच्या मेलेल्या बायकोसाठी गार पाण्यात वाकून उभा आहे. मी तसं बोललेही, त्याच्या तोंडावर. त्याने ऐकून घेतलं. मग थाळा माझ्यापुढे धरला. "बस. तूही धू. दोन हात असले तर लवकर होईल."

मी परकराचा काठ वर खोचला. पाण्यालगत एक सपाट दगड होता, बसायला बरा, वरून गुळगुळीत झालेला. मी त्यावर टेकणार तोच तो म्हणाला, "तिथे नको. ती दिनानाथची जागा आहे."

मी उठले आणि पलीकडे ओल्या वाळूत बसले.